डब्यातल्या त्या दोन गोळ्या: एक ‘साधी’, एक ‘कडक’?



गोष्ट गेल्या पावसाळ्यातली आहे. एका गटाच्या मासिक बैठकीला मी गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. गटातल्या एका काकूंचा घसा दोन दिवसांपासून धरला होता. घोट गिळतानाही त्या तोंड वाकडं करत होत्या. ते बघून त्यांच्या जाऊबाई उठल्या आणि घरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात औषधांची अर्धी-अर्धी पाकिटं होती. त्यातली एक कॅप्सूल काढून त्यांनी काकूंच्या हातावर ठेवली. “घे गं, मला हिनंच गुण आला होता.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, शहरातून पदवी घेऊन आलेली, सगळ्या मला मॅडम म्हणतात. मी म्हटलं, “घ्या की काकू, साधीच गोळी आहे.”

अर्ध्या तासात काकूंच्या अंगावर गांधी उठल्या. मग ओठ सुजले, आणि थोड्या वेळात श्वास लागायला लागला. आम्ही १०८ ला फोन केला. गाडी वेळेत आली, दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, काकू वाचल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे माहीत नव्हतं का?” तेव्हा काकूंना आठवलं, की धाकट्याच्या बाळंतपणात एक इंजेक्शन दिल्यावर असंच अंगभर उठलं होतं. त्या इंजेक्शनचं नाव त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

जाऊबाईंनी मायेनं दिलं होतं. त्यांचा दोष मी काढणार नाही. पण ‘साधी’ हा शब्द माझा होता, आणि तो मला पुष्कळ दिवस झोपू देत नव्हता. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, मेडिकलवाल्या दादांना विचारलं, वाचलं, आणि जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. हे वाचून कुणी घरच्या घरी डॉक्टर व्हायचं नाही. उलट, डब्यात हात घालण्याआधी आपण थांबावं, एवढ्यासाठीच हा लेख.

डब्यात काय सापडलं

त्यानंतर मी ज्या ज्या गटात गेले, तिथे विचारलं, “ताई, तुमच्या डब्यात कोणत्या गोळ्या उरल्यात?” तापाची गोळी, पित्ताची गोळी तर सगळीकडेच होती. पण अँटिबायोटिकमध्ये दोन नावं पुन्हा पुन्हा निघाली. एक अमॉक्सिसिलिन, दुसरं अझिथ्रोमायसिन. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. औषधाचं खरं नाव त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं. वाचायचं ते बारीक नाव.

बायकांनी या दोघींना नावंही ठेवली आहेत. अमॉक्सिसिलिन म्हणजे ‘साधी’, कारण ती दिवसातून तीनदा, पाच-सात दिवस घ्यावी लागते. अझिथ्रोमायसिन म्हणजे ‘कडक’, ‘पावरची’, कारण ती दिवसातून एकच, आणि बऱ्याचदा तीनच दिवस. तीन गोळ्यांत काम होतं म्हणजे गोळी जबरदस्त असणार, असा आपला हिशोब. मीही तोच करत होते. कॉलेजच्या वसतिगृहात असताना जरा सर्दी झाली की तीन गोळ्यांचं पाकीट आणायचे. बरं वाटायचं. सर्दी आपली आपणच बरी व्हायची, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

हा साधी-कडकचा हिशोब चुकीचा आहे. कसा, ते बघू.

आधी जंतू ओळखा

आपल्याला आजारी पाडणारे जंतू अनेक प्रकारचे असतात. त्यातले दोन महत्त्वाचे, जिवाणू आणि विषाणू.

साधी सर्दी, पडसं, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, गोवर, कांजिण्या, कोरोना हे सगळे विषाणूंचे आजार. टायफॉइड, टीबी, पू होणारं गळू, काही प्रकारचा न्यूमोनिया, काही वेळा घशाचा संसर्ग, हे जिवाणूंचे.

अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही, मग गोळी साधी असो की महागडी. कोरोनाच्या काळात घरोघरी अझिथ्रोमायसिन दिली गेली, आठवतं ना? पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये दिसून आलं, की कोरोना बरा करायला तिचा फायदा होत नव्हता.

लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांनाही अँटिबायोटिक लागत नाही. तिथे जीव वाचवतं ते ओआरएसचं पाणी, झिंकच्या गोळ्या आणि अंगावरचं दूध चालू ठेवणं. शौचात रक्त पडत असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्यायचं.

अमॉक्सिसिलिन काय करते

अमॉक्सिसिलिन ही पेनिसिलिनच्या घराण्यातली. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये लावला. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातली पुढची लेक, १९७० च्या दशकापासून वापरात आहे.

जिवाणूच्या भोवती एक भिंत असते. जिवाणू वाढतो, एकाचे दोन होतात, तेव्हा त्याला भिंतीचं बांधकाम करावं लागतं. अमॉक्सिसिलिन हे बांधकामच थांबवते. भिंत कच्ची राहते, बाहेरचं पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटून मरतो. मातीची भिंत अर्धवट बांधलेली असताना पाऊस आला तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तीनदा का घ्यायची? कारण ही गोळी शरीरात फार वेळ टिकत नाही. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं आणि उरलेली लघवीवाटे निघून जाते. म्हणून सकाळ, दुपार, रात्र असं सारख्या अंतरानं घ्यावं लागतं, म्हणजे जिवाणूला भिंत बांधायला उसंत मिळत नाही. तीनदा घ्यावी लागते ती कमजोर आहे म्हणून नाही, लवकर निघून जाते म्हणून.

न्यूमोनिया झालेल्या लहान मुलांसाठी, कानात पू होतो तेव्हा, दातांच्या संसर्गात, जिवाणूनं धरलेल्या घशासाठी डॉक्टर ही देतात. लहान मुलांच्या न्यूमोनियात, बाळ गंभीर नसेल आणि तोंडानं औषध घेऊ शकत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पसंती आजही अमॉक्सिसिलिनलाच आहे.

अझिथ्रोमायसिन काय करते

अझिथ्रोमायसिन वेगळ्या घराण्यातली. १९८० मध्ये युरोपातल्या झाग्रेब शहरात, आजच्या क्रोएशिया देशात, तिथल्या शास्त्रज्ञांनी ती तयार केली.

ही भिंतीला हात लावत नाही. ती जिवाणूच्या आत जाते. आत जिवाणूचा एक लहानसा कारखाना चालू असतो, तिथे तो जगायला आणि वाढायला लागणारी प्रथिनं बनवतो. अझिथ्रोमायसिन तो कारखाना बंद पाडते. चूलच विझली तर घर किती दिवस चालणार? जिवाणूची वाढ थांबते आणि मग आपल्या शरीराची स्वतःची ताकद त्याला संपवते.

आणि तीनच गोळ्या का? कारण ही गोळी शरीराच्या पेशींमध्ये जाऊन बसते आणि फार हळूहळू बाहेर पडते. शेवटची गोळी घेतल्यावरही काही दिवस तिचं काम चालू असतं. म्हणजे तीन दिवस गोळ्या, पण काम त्याहून जास्त दिवसांचं. ती कडक आहे म्हणून तीनच लागतात असं नाही, जास्त टिकते म्हणून. आणि प्रत्येक आजारात तीनच असंही नाही. टायफॉइडला डॉक्टर साधारण आठवडाभर देतात.

ठिबक आणि पाटाचं पाणी यात जोरदार कोण, असं आपण विचारत नाही. कोणत्या पिकाला, कोणत्या जमिनीला काय हवं, ते बघतो. तसंच हे.

मग भारी कोण?

तीन उदाहरणं सांगते.

पहिलं उदाहरण घशाचं. घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणं विषाणूंचीच असतात. पण काही वेळा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू घसा धरतो, शाळकरी मुलांमध्ये जास्त. त्याच्याकडे नीट लक्ष दिलं नाही तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. या जिवाणूवर पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन आजही चालतात. इतकी वर्षं वापरूनसुद्धा हा जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नाही असं रुग्णांमध्ये आढळलेलं नाही. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे मात्र अनेक ठिकाणी सापडतात. म्हणजे इथे ‘साधी’च खात्रीची. फक्त ती साधारण १० दिवस घ्यावी लागते, आणि आपण तिसऱ्या दिवशी सोडतो.

दुसरं उदाहरण न्यूमोनियाचं. मायकोप्लाझ्मा नावाचा एक जिवाणू आहे, त्याला भिंतच नसते. जिथे भिंत नाही तिथे भिंत पाडणारी गोळी काय करणार? अमॉक्सिसिलिनचे कितीही डोस घ्या, त्याला फरक पडत नाही. तिथे अझिथ्रोमायसिन उपयोगी पडते.

तिसरं उदाहरण टायफॉइडचं. पावसाळ्यात पाणी बिघडलं की आपल्याकडे टायफॉइड येतोच. पूर्वी त्यावर चालणारी अनेक औषधं आता पुष्कळ ठिकाणी चालत नाहीत. जी थोडी उरली आहेत त्यात अझिथ्रोमायसिन आहे. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला, की बहुतेक नेहमीची औषधं त्यावर फोल ठरली. तोंडानं घ्यायच्या औषधांत मुख्य भरवसा एकट्या अझिथ्रोमायसिनवर राहिला. आता विचार करा, तीच गोळी आपण दर सर्दीला खाऊन बोथट करून टाकली तर उद्या पोराला टायफॉइड झाल्यावर काय द्यायचं?

म्हणून ‘भारी कोण’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणता जिवाणू, शरीराच्या कोणत्या भागात, आणि कोणत्या माणसाला, हे आधी कळायला हवं. ते डब्याकडे बघून कळत नाही. तपासल्यावर कळतं.

जपून वापरायची गोळी

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत. पहिला गट नेहमीच्या संसर्गासाठी आधी वापरायच्या औषधांचा. दुसरा जपून, लक्ष ठेवून वापरायच्या औषधांचा. तिसरा राखीव, दुसरं काहीच चालत नाही तेव्हाचा. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे, अझिथ्रोमायसिन दुसऱ्या.

आणि आपल्या देशात काय होतं? भारतातल्या खासगी औषध विक्रीच्या २०१९ च्या आकडेवारीचा अभ्यास झाला. त्यात सगळ्यात जास्त खपलेली अँटिबायोटिक कोणती निघाली असेल? अझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी. जी जपून वापरायची, तीच आपण सगळ्यात जास्त खाल्ली.

औषध वारंवार, अर्धवट किंवा गरज नसताना घेतलं, की कमजोर जिवाणू मरतात आणि चिवट उरतात. मग चिवटांचीच पिलावळ वाढते. एकच कीटकनाशक दरवर्षी मारलं की कीड त्याला जुमानत नाही, हे शेतात आपण डोळ्यांनी बघितलंय. तेच इथे होतं. आणि हे चिवट जिवाणू आपल्यापुरते राहत नाहीत, घरातल्या दुसऱ्याला लागतात.

फ्लेमिंग यांनी हे फार आधी सांगून ठेवलं होतं. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हाच्या भाषणात त्यांनी एक कल्पनेतला माणूस उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण कमी घेतो. जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच जिवाणू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं जातं, आणि ते चालत नाही. बायको मरते. ताई, मी हे वाचलं तेव्हा मला आपला पत्र्याचा डबा आठवला. चूक एकाची, आणि किंमत घरातल्या दुसऱ्यानं मोजली.

कुणाला काय चालत नाही

अमॉक्सिसिलिनची मोठी भीती ॲलर्जीची. सगळ्यांना होत नाही, पण जिला होते तिच्या जिवावर बेतू शकतं. औषधाच्या नावाच्या शेवटी ‘सिलिन’ असेल तर ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं, जसं अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन. एकीची ॲलर्जी असेल तर दुसरीही टाळावी लागते. अशा वेळी गरज असेल तर डॉक्टर दुसऱ्या घराण्यातलं औषध निवडतात, काही वेळा अझिथ्रोमायसिन.

औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, घरघर लागली, धाप लागली किंवा चक्कर आली तर वाट बघू नका. पुढची गोळी देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा. लिंबू-पाणी, ताक यात वेळ घालवू नका.

अझिथ्रोमायसिनची काळजी वेगळी. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, त्याच्या गोळ्या चालू असतील, तर ही गोळी ठोके बिघडवू शकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे जास्त लक्षात ठेवा. यकृताचा आजार असेल तरी डॉक्टरांना आधी सांगा. काही पित्ताच्या औषधांबरोबर ती एकाच वेळी घेतली तर नीट शोषली जात नाही, दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

दोन्ही गोळ्यांनी पोट बिघडू शकतं, मळमळ होऊ शकते, जुलाब होऊ शकतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टरांना सांगायचं. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर तेही न विसरता सांगायचं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

आपल्या बायकांचं दुखणं

एक गोष्ट आपण बैठकीत मोठ्यानं बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. लघवीला जळजळ होते, अंगावरून पांढरं जातं, खाज येते. लाजेपोटी दवाखान्यात जात नाही आणि डब्यातली ‘पावरची’ गोळी गुपचूप घेतो.

लघवीच्या साध्या संसर्गाला अझिथ्रोमायसिन हे नेहमीचं औषध नाही. अमॉक्सिसिलिनलाही तिथले जिवाणू आता बऱ्याचदा दाद देत नाहीत. तिथे लघवी तपासून औषध ठरवावं लागतं. पांढरं जाण्याची कारणं तर अनेक असतात. दह्यासारखं घट्ट पांढरं जात असेल आणि खाज असेल तर बऱ्याचदा ती बुरशी असते. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट अँटिबायोटिक घेतल्यानं बुरशी वाढू शकते. म्हणजे औषध घेऊन दुखणं वाढवून घेतलं. उपकेंद्रातल्या सिस्टर बाईच आहेत. त्यांच्याशी बोला. एकटीला लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या.

पोरांच्या बाटलीबद्दल

अमॉक्सिसिलिनचं मुलांचं औषध बऱ्याचदा कोरड्या पावडरच्या रूपात येतं. त्यात उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचं. जास्त पाणी म्हणजे पातळ औषध, कमी डोस. पाणी घातल्यावर ती बाटली लेबलवर लिहिलेल्या दिवसांपुरतीच चांगली. गेल्या महिन्याची उरलेली बाटली पुन्हा वापरायची नाही. डोस वजनावर ठरतो, म्हणून थोरल्याचं औषध धाकटीला मोजून द्यायचं नाही.

आणि बाळाचा श्वास जोरात चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल झालं असेल, तर घरात औषध शोधत बसू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

“मॅडम, दिवस मोडतो त्याचं काय?”

हे मला एका ताईंनी तोंडावर विचारलं, आणि बरोबर विचारलं. दवाखान्यात जायचं म्हणजे गाडीभाडं, दिवसाची मजुरी बुडणार, म्हशीचं कोण बघणार. डबा आपण हौसेनं ठेवत नाही. दवाखाना लांब आहे म्हणून ठेवतो. हे मान्य करूनच पुढचं सांगते.

आता बऱ्याच उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. गरज पडली तर ते ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी तिथूनच बोलणं करून देतात. तालुक्याला जायची गरज दर वेळी पडत नाही. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत असतात. ज्या दिवशी उपकेंद्रात डॉक्टर किंवा सिस्टर असतात, तो वार गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दवाखान्यात गेल्यावर “पावरची गोळी द्या” असं म्हणू नका. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. मला नक्की काय झालंय? यात अँटिबायोटिक आहे का, आणि त्याची गरज आहे का? किती वेळा, किती दिवस? काय झालं तर लगेच परत यायचं? डॉक्टर म्हणाले की अँटिबायोटिकची गरज नाही, तर तो डॉक्टर कमी शिकलेला नाही. तो आपलं भलंच बघतोय.

मेडिकलमध्ये पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. या दोन्ही गोळ्या चिठ्ठीवरच्याच आहेत.

सांगितलेले सगळे दिवस गोळी घ्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. एखादी विसरली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. नीट घेतलं तर उरणारच नाही, आणि उरलं नाही तर डबा भरणार नाही. आणि हो, माणसाची कॅप्सूल शेळी-कोंबडीला फोडून द्यायची नाही. त्यांच्यासाठी गुरांचे डॉक्टर आहेत.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपला डबा आणायचा. आशाताईंना बोलवायचं. बारीक नावं वाचायची. अर्धवट अँटिबायोटिक आणि तारीख संपलेली पाकिटं बाजूला काढायची. ती ओढ्यात, शेणखतात टाकायची नाहीत. त्यांचं काय करायचं ते उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारायचं. डब्यात तापाची साधी गोळी, ओआरएसची पुडी, मलमपट्टी एवढं राहिलं तरी पुष्कळ.

मग प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, “कधी कुठल्या औषधानं किंवा इंजेक्शननं अंगावर उठलं होतं का?” जिला उठलं असेल तिनं दवाखान्यात जाऊन त्या औषधाचं नाव माहीत करून घ्यायचं आणि ते लिहून जवळ ठेवायचं.

त्या काकू आता ठणठणीत आहेत. त्यांच्या बचतीच्या पासबुकाच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी आहे, “मला पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन चालत नाही.” नातवानं मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे. त्यांच्या मोबाइलच्या मागेही तशीच चिठ्ठी चिकटवली आहे. जाऊबाईंचा डबाही आहे. त्यात आता शेवयाचे लाडू असतात. गेल्या बैठकीला त्यांनी मला एक दिला आणि म्हणाल्या, “घ्या की मॅडम, साधाच आहे.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या शब्दाची किंमत मला आता माहीत आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक